पटकथाकार तेंडुलकर : नाटकांच्या सावलीत राहिलेलं काम

तिसरी घंटा (धागाकर्ता)

विजय तेंडुलकरांवर मराठीत जेवढी चर्चा होते, तिच्यातली बहुतेक नाटकांभोवती फिरते. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’, ‘गिधाडे’, ‘सखाराम बाइंडर’, ‘घाशीराम कोतवाल’, आणि त्यांच्यावरून झालेले वाद. ते योग्यच आहे. पण या माणसाने १९७५ ते १९८३ या काळात सिनेमासाठी काय लिहिलं, त्याची नावं एका ओळीत मांडून बघा: सामना, निशांत, मंथन, सिंहासन, आक्रोश, आक्रीत, उंबरठा, अर्धसत्य. एखाद्या लेखकाकडे यातले दोन असते तरी आपण त्याला मोठा पटकथाकार म्हटलं असतं.

हे सिनेमे आपण ओळखतो ते दिग्दर्शकांच्या नावाने. जब्बार पटेलांचे तीन, श्याम बेनेगलांचे दोन, गोविंद निहलानींचे दोन, अमोल पालेकरांचा एक. त्यांचं श्रेय कमी करायचं नाही. पण दिग्दर्शक बदलतात, भाषा बदलते, प्रदेश बदलतो, तेलंगणातून गुजरातेत, तिथून मुंबईत, आणि तरीही या सगळ्यांत एक माणूस पुन्हा पुन्हा येतो. तो बाहेरून आलेला असतो, बहुधा शिकलेला, मध्यमवर्गीय. त्याला काहीतरी दिसतं, आणि एकदा दिसल्यावर त्याला पूर्वीसारखं जगता येत नाही.

‘सामना’तला दारूडा मास्तर. ‘निशांत’मधला शाळामास्तर. ‘मंथन’मधले गुरांचे डॉक्टर राव. ‘सिंहासन’मधला पत्रकार दिगू टिपणीस. ‘आक्रोश’मधला वकील भास्कर कुलकर्णी. ‘उंबरठा’तली सुलभा महाजन. यांतल्या कुणाला आपण रूढ अर्थाने नायक म्हणणार नाही, कारण गोष्ट यांची नसतेच. गोष्ट असते ‘सामना’तल्या बेपत्ता मारुती कांबळेची, ‘आक्रोश’मधल्या आरोपी लहान्या भिकूची, ‘उंबरठा’तल्या आश्रमातल्या बायकांची. ती आपल्यापर्यंत यांच्या डोळ्यांतून पोचते, आणि पोचता पोचता या बघणाऱ्याचीच परीक्षा होते.

मला वाटतं, हे तेंडुलकरांच्या पत्रकारितेतून आलं. ‘नवभारत’, ‘मराठा’, ‘लोकसत्ता’ अशा ठिकाणी त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. सत्तरच्या दशकाच्या पूर्वार्धात त्यांना नेहरू फेलोशिप मिळाली, ती समाजातल्या वाढत्या हिंसेचा अभ्यास करण्यासाठी. त्यासाठी ते देशभर हिंडले. त्याच सुमारास सिनेमे सुरू होतात. टेबलावर बसून कल्पना लढवणाऱ्याचं हे लेखन नाही. कुठेतरी जाऊन, कुणासमोर तरी बसून, मुकाट्याने ऐकून घेतलेल्या माणसाचं आहे.

दुसरा मुद्दा जरा तांत्रिक आहे, पण मला तोच जास्त महत्त्वाचा वाटतो. तेंडुलकर नाटककार म्हणून कशासाठी वाखाणले जातात? संवादांसाठी. अर्धवट तुटलेली वाक्यं, मधल्या जागा, बोलण्याआड लपवलेलं बोलणं. आता हिंदी सिनेमांच्या श्रेयनामावल्या बघा. ‘निशांत’चे संवाद सत्यदेव दुबे यांचे. ‘मंथन’चे कैफी आझमींचे. ‘आक्रोश’चे पुन्हा दुबे. ‘अर्धसत्य’चे वसंत देव. म्हणजे ज्या हत्यारावर त्यांचं नाव झालं, ते हत्यारच इथे दुसऱ्याच्या हातात आहे. तरीही ‘मंथन’च्या पटकथेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, ‘आक्रोश’साठी कथा आणि पटकथा असे दोन्ही फिल्मफेअर मिळाले, ‘अर्धसत्य’च्या पटकथेलाही फिल्मफेअर मिळालं. शब्द बाजूला काढूनही जे उरतं, ती पटकथा. कोण कुणाला कधी भेटतो, प्रेक्षकाला काय आधी कळतं आणि पात्राला काय नंतर, कुणाचं तोंड बंद ठेवायचं. हे काम कागदावर फारसं दिसत नाही आणि पडद्यावर लेखकाच्या नावाने कुणी ओळखत नाही. म्हणून हा धागा.

तुम्हाला यातला कुठला सिनेमा लेखकाचा वाटतो, आणि का? ‘भारी आहे’ एवढ्यावर थांबू नका, प्रसंग सांगा.

---

कृष्णाकाठ

उत्तम विषय. मी ‘सामना’बद्दलच लिहितो, कारण मी साखरपट्ट्यात वाढलो.

प्रवरानगरला सहकारी कारखान्याची सुरुवात झाली १९५०च्या आसपास. विठ्ठलराव विखे पाटील, धनंजयराव गाडगीळ, शेअरसाठी घरचं किडूकमिडूक विकणारे शेतकरी, असं ते स्वप्न होतं. ‘सामना’ बर्लिनच्या महोत्सवात गेला १९७५ला. मधल्या पंचवीस वर्षांत त्या स्वप्नातून एक नवा सरंजाम उभा राहिला होता आणि आमच्याकडे तो प्रत्येकाला दिसत होता. बोलत कुणी नव्हतं. तेंडुलकरांनी त्याला नाव दिलं, हिंदूराव धोंडे पाटील.

आता प्रसंग. मास्तर गावात येतो तो दारूच्या नशेत, एक जुना स्वातंत्र्यसैनिक, कुणाचाच नसलेला. हिंदूराव त्याला वाड्यावर ठेवून घेतो. खायला घालतो, प्यायला देतो, मान देतो. मास्तर त्याच्याच ताटात जेवतो आणि त्याच्याच बैठकीत बसून विचारतो, मारुती कांबळेचं काय झालं?

इथे लेखकाचं डोकं दिसतं. मास्तर हा शत्रू म्हणून गावात आला असता तर हिंदूरावाने त्याला तासाभरात हाकलला असता आणि सिनेमा संपला असता. तो पाहुणा आहे. पाहुण्याला मारता येत नाही आणि पाहुण्यालाही यजमानावर सरळ बोट रोखता येत नाही. दोघेही एकमेकांच्या उपकारात अडकलेले. आमच्याकडे सत्ता अशीच चालायची, दमदाटीने कमी आणि उपकाराने जास्त. लेकीचं लग्न, पोराची नोकरी, दवाखान्याचं बिल. ज्याच्याकडून हे सगळं घेतलं त्याला प्रश्न कसा विचारायचा? निळू फुल्यांनी हिंदूराव जो केला आहे तोही आरडाओरडा करणारा नाही. त्याला मास्तर खरोखर आवडतो. म्हणून तर भीती वाटते.

आणि लागूंचा मास्तर स्वच्छ नाही, हेही मला फार मोलाचं वाटतं. व्यसनी आहे, हरलेला आहे. एखादा तरुण आदर्शवादी शिक्षक तिथे असता तर आपण त्याला टाळ्या वाजवून घरी गेलो असतो.

---

पिंपळपार

वाचनखूण साठवली. कृष्णाकाठ, प्रतिसाद फार आवडला.

एक भर घालतो. ‘सामना’ हा जब्बार पटेलांचा पहिला सिनेमा, आणि त्याआधी १९७२ साली त्यांनीच ‘घाशीराम’ बसवलं होतं. म्हणजे लेखक-दिग्दर्शक एकमेकांना पुरते ओळखत होते. निहलानींचंही तसंच. ‘शांतता’वर सत्यदेव दुबेंनी १९७१ साली जो सिनेमा केला त्याचा कॅमेरा निहलानींचा. पुढे बेनेगलांच्या ‘निशांत’ आणि ‘मंथन’चा कॅमेराही त्यांचाच. मग ‘आक्रोश’ला ते दिग्दर्शक म्हणून उभे राहिले तेव्हा दहा वर्षं त्यांनी तेंडुलकरांचं लिहिलेलं भिंगातून बघितलं होतं. हे संबंध लक्षात घेतले की पटकथा ‘लिहून दिली’ असं म्हणवत नाही. ही माणसं एकत्र विचार करत होती.

---

काळा कोट

पेशाने वकील आहे, तेव्हा ‘आक्रोश’ मला सोडवत नाही.

नवा वकील, पहिलीच मोठी केस, सरकारने नेमलेला बचाव पक्ष. आरोपी लहान्या भिकू, आदिवासी, बायकोच्या खुनाचा आरोप. आणि तो बोलत नाही. वकिलाशी नाही, कोर्टात नाही, कुणाशीच नाही. आमच्या व्यवसायात अशिलाने काही सांगितलंच नाही तर काय होतं ते बाहेरच्या माणसाला कळणं कठीण आहे. आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही, हे संविधानातच आहे, कलम २०(३). गप्प राहणं हा त्याचा हक्क. पण हा हक्क ज्यांच्यासाठी लिहिला ती माणसं धाक पचवून बोलू शकणारी असतील असं कुठेतरी गृहीत धरलेलं आहे. लहान्याचं गप्प राहणं हक्कातून आलेलं नाही. बोललो तर मागे राहिलेला बाप, बहीण, तान्हं पोर यांचं काय होईल, हे त्याला ठाऊक आहे. त्याच्याकडे वापरायला एवढी एकच गोष्ट उरलेली आहे.

तेंडुलकरांनी ‘शांतता’त कोर्टाचा खेळ लिहिला, तिथे आरोपी बाईला बोलू दिलं जात नाही. ‘आक्रोश’मध्ये सगळी यंत्रणा म्हणते आहे ‘बोल’, आणि माणूस बोलत नाही. तेरा वर्षांच्या अंतराने त्याच लेखकाने तोच पिंजरा दुसऱ्या बाजूने उघडून दाखवला आहे.

सरकारी वकील दुसाणे (अमरीश पुरी) हे पात्र तर मला सिनेमातलं सगळ्यांत अवघड पात्र वाटतं. तो भास्करचा गुरू आहे. तो स्वतः आदिवासी आहे. त्याला रात्रीबेरात्री जातीवरून शिव्या घालणारे फोन येतात आणि दुसऱ्या दिवशी तो कोर्टात उभा राहून आपल्याच माणसाविरुद्ध केस चालवतो, नेटकेपणाने, कायद्याला धरून. त्याचंही तोंड बंदच आहे. फक्त त्याने अंगावर काळा कोट घातलेला आहे. ज्या दिवशी हे माझ्या ध्यानात आलं त्या दिवशी मी सिनेमा पुन्हा सुरुवातीपासून लावला.

रचनेबद्दल: सिनेमा सुरू होतो चितेपाशी, बायकोची चिता, आणि लहान्याच्या हातात बेड्या. संपतो तेव्हाही चिता आहे, बापाची, आणि पुन्हा बेड्या. मधल्या सगळ्या सुनावण्यांनी त्याला एका चितेपासून दुसऱ्या चितेपर्यंत आणलं, बाकी काही केलं नाही. हे संवादात कुणीच म्हणत नाही. दोन प्रसंग समोरासमोर ठेवून लेखकाने ते सांगितलं. धागाकर्त्याचा शब्दांविषयीचा मुद्दा मला इथे पुरता पटतो.

---

अबोली०७

सगळे प्रतिसाद वाचले. मनापासून आवडले, पण एक गोष्ट कुणीच काढली नाही म्हणून लिहिते आहे.

बघणारा पुरुष, आणि त्याला जे दिसतं ते बाईच्या अंगावर घडलेलं, हा साचा ‘निशांत’मध्येही आहे आणि ‘आक्रोश’मध्येही. ‘निशांत’मध्ये मास्तराच्या बायकोला जमीनदाराचे भाऊ उचलून नेतात. ‘आक्रोश’मध्ये लहान्याच्या बायकोवर, नागीवर, अत्याचार होऊन तिचा खून होतो, आणि शेवटी लहान्या कुऱ्हाड उचलतो ती बहिणीवर. तिची विटंबना होऊ नये म्हणून तिला संपवतो. पहिल्यांदा बघितला तेव्हा मी सुन्न झाले. नंतर राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. त्या मुलीला कुणी विचारलं होतं का? पूर्ण सिनेमात तिला काय वाटतं याची एक चौकट नाही.

मला माहीत आहे की लेखक लहान्याची बाजू घेत नाही, त्याची कोंडी दाखवतो. तरीही बाईचं मरण हा पुरुषाच्या आक्रोशाचा शब्द झाला, हे मी डोळ्यांआड करू शकत नाही.

आता दुसरी बाजूही सांगते. ‘निशांत’मध्ये देवळातला प्रसंग आहे. सुशीलाला नवरा भेटतो, आणि ती त्याच्या पुढ्यात रडत नाही. ती त्याला जाब विचारते. तुम्ही काय केलंत? माझ्यासाठी किती लढलात? शबाना आझमी आणि गिरीश कर्नाड. शाळा, पोलीस, कलेक्टर, सगळीकडे जाऊन हात हलवत परत आलेला सज्जन माणूस, त्याच्या सज्जनपणाची किंमत तिने भरली आहे, आणि ती त्याला ते ऐकवते. पुढे गाव उठतं, जमीनदाराला संपवतं, आणि त्या जमावाच्या हातून सुशीलाही वाचत नाही. तिच्यासाठी म्हणून पेटलेल्या बंडात तिचाच बळी. इथे मात्र लेखकाला नेमकं ठाऊक आहे तो काय करतो आहे.

आणि ‘उंबरठा’. शांता निसळांच्या ‘बेघर’ कादंबरीवरून. बघणारी व्यक्ती पहिल्यांदा बाई झाली आणि तेंडुलकरांचं सगळं गणित बदललं. मास्तर, राव, भास्कर यांना परत जायला एक घर आहे, निदान असेल असं आपण धरून चालतो. सुलभा संगमवाडीच्या आश्रमात अधीक्षक म्हणून जाते तेव्हा ती तिथे बाहेरची. व्यवस्थापन समितीला ती नको, बायकांना तिच्यावर विश्वास नाही. चौकशी, राजीनामा, आणि ती घरी परतते तर घरातही ती आता बाहेरची. मुलगी जावेला लळा लावून बसलेली. नवऱ्याचं दुसरं नातं, आणि त्याची अपेक्षा ही की तिने समजून घ्यावं. वाईट कुणीच नाही त्या घरात. सासूबाई तर स्वतः समाजकार्य करणाऱ्या. हे ‘वाईट कुणीच नाही’ लिहायला फार धैर्य लागतं.

१९८२च्या मराठी सिनेमात आश्रमातल्या दोन मुलींचं एकमेकींवरचं प्रेमही आहे, हे आज किती जणांना आठवतं?

---

तिसरी घंटा (धागाकर्ता)

अबोली०७, हा प्रतिसाद यायलाच हवा होता. बहिणीच्या प्रसंगाबद्दलचा तुमचा आक्षेप मी खोडून काढणार नाही. इतकंच म्हणेन की तो शेवट प्रेक्षकाला कुठेच टेकू देत नाही. ना लहान्याबरोबर, ना भास्करबरोबर. तेंडुलकरांच्या हिंसेच्या अभ्यासातून हेच आलं असावं. खाली दाबलेला माणूस हात उचलतो तेव्हा तो वर पोचत नाही, जवळच्या आणि आपल्याहून दुबळ्या माणसावर पडतो. हे सत्य आहे आणि भयंकर आहे. त्या मुलीला तिची एक चौकट मिळायला हवी होती, हेही तितकंच खरं.

‘उंबरठा’त घर हेच दुसरं संस्थान आहे, हे तुम्ही फार नेमकं सांगितलंत.

---

दादर टीटी

किंचित असहमत. बाहेरून आलेल्या माणसाचं सूत्र ‘अर्धसत्य’ला लागू करून दाखवा.

अनंत वेलणकर व्यवस्थेच्या आत आहे. अंगावर वर्दी आहे, हातात दंडुका आहे. तो काही बघायला आलेला नाही. उलट त्याला आत ढकललं आहे ते बापाने. त्याला पुढे शिकायचं होतं, बापाने पोलिसात घातलं. बाप स्वतः हवालदार, घरी बायकोला मारणारा, आणि लहान अनंत ते बघत उभा राहिलेला. हिंसेचा पहिला धडा त्याने घरात घेतला, चौकीत नाही.

यात लेखकाची करामत काय, तर वेलणकर बळी आणि मारेकरी एकाच वेळी आहे. क्षुल्लक चोरीत पकडलेल्या पोराला तो कोठडीत इतका मारतो की तो मरतो. तोपर्यंत आपण वेलणकरच्या बाजूने आहोत. प्रामाणिक अधिकारी, वरचे भ्रष्ट, रामा शेट्टीसारखा गुंड निवडणुकीला उभा. मग आपल्या या प्रामाणिक माणसाच्या हातून खून होतो, आणि वाचायचं तर त्याच रामा शेट्टीचे पाय धरावे लागणार. पटकथेने आपल्यालाही त्याच्याबरोबर त्या खोलीत नेऊन बसवलं. शेवटी तो रामा शेट्टीचा गळा आवळतो आणि चौकीत जाऊन स्वतःला हवाली करतो. अनेकांना हा शेवट सुडाचा वाटतो. मला तो तसा वाटत नाही. निवड करायची एकच जागा त्याला उरली होती, तिथे त्याने निवड केली.

मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची, ‘सूर्य’. पानवलकरांना कथेसाठी फिल्मफेअर मिळालं, तेंडुलकरांना पटकथेसाठी. कविता दिलीप चित्र्यांची. संवाद वसंत देवांचे. मराठीतली इतकी मोठी माणसं एका हिंदी सिनेमात. तो सिनेमा मुंबईचा वाटतो, आणि पोलीसपटांसारखा वाटत नाही, त्याचं कारण मला यातच दिसतं.

शिवाय माइक लोबो. नसीरुद्दीनचा, निलंबित, दारूत बुडालेला इन्स्पेक्टर. तो दोनचारदाच दिसतो. पण तो दिसला की वेलणकर स्वतःचं पुढचं आयुष्य बघत असतो. कथेच्या ओघात त्याला काढून टाकलं तरी घटनाक्रम अडत नाही, आणि तरीही त्याच्याशिवाय सिनेमा उभा राहत नाही. अशी पात्रं लिहिता येणं म्हणजे पटकथा येणं.

---

तिसरी घंटा (धागाकर्ता)

दादर टीटी, सूत्र मोडतं हे मान्य, आणि मला ते मोडलेलं आवडतं. १९७५ला मास्तर सत्तेकडे बाहेरून बघतो. १९८३ला बघणाऱ्याच्याच हातात दंडुका आहे. आठ वर्षांत हा लेखक साक्षीदाराला हळूहळू गुन्ह्याच्या जवळ सरकवत गेला, असं मी म्हणेन. वेलणकर हा लहानपणी घरात साक्षीदारच होता की, आईला मार खाताना बघणारा. तो साक्षीदार मोठा होऊन काय झाला, ही ‘अर्धसत्य’ची गोष्ट आहे.

---

गोदाकाठ

परभणीचा आहे. ‘आक्रीत’चं नाव निघालं म्हणून आनंद झाला, कारण याबद्दल कुणीच बोलत नाही. मानवतचं हत्याकांड आमच्या भागात सत्तरच्या दशकात झालं, गुप्तधनासाठी नरबळी. आमच्या घरातली मोठी माणसं त्या दिवसांबद्दल आजही आवाज खाली करून बोलतात. पोरांना संध्याकाळनंतर बाहेर सोडत नसत.

अमोल पालेकरांचा दिग्दर्शक म्हणून हा पहिला सिनेमा. हा विषय दुसऱ्या कुणाच्या हातात गेला असता तर मांत्रिक, धूर, किंकाळ्या असा भयपट झाला असता. तेंडुलकरांनी अंधश्रद्धेला पैसा आणि शरीरसंबंधांच्या राजकारणाला जोडलं. गावातला वजनदार माणूस, त्याची रखेली, तिचं जाऊ पाहणारं तारुण्य, तिला हवं असलेलं मूल, त्याला हवं असलेलं धन. तंत्रमंत्र हे फक्त साधन. आमच्याकडच्या जाणत्या माणसांचंही हेच म्हणणं होतं, की अडाणीपणाच्या आड हाव लपवली गेली.

---

दुधाची साय

‘मंथन’वर कुणी लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. हा सिनेमा गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन उभा केला, हे बहुतेकांना माहीत असेल. फिल्म हेरिटेज फाउंडेशनने त्याची नवी प्रत तयार केली आणि २०२४ला कान महोत्सवात ती दाखवली गेली. मी ती प्रत इथे भारतातल्याच थिएटरात पाहिली, आणि रंग, धूळ, चेहरे सगळं पहिल्यांदाच बघतेय असं वाटलं.

सहकाराचा प्रचारपट म्हणून या सिनेमाकडे बघणारे लोक आहेत. त्यांनी पटकथा नीट बघावी. ज्यांच्या चळवळीवर सिनेमा आहे त्यांच्याच पैशाने तो निघाला आहे, आणि तरीही त्यात सहकार म्हटल्याबरोबर गाव एक होत नाही. डेअरीवाला मिश्रा बाहेरचा शोषक आहे, पण सरपंच तर गावातलाच आहे ना? सोसायटीच्या निवडणुकीत तो हरतो तेव्हा त्याला टोचते ती जात. ज्यांना रांगेत मागे उभं केलं त्यांच्याबरोबर एका रांगेत दूध घालायचं, हे त्याला जमत नाही. दुधाच्या चरबीचं प्रमाण मोजणारं यंत्र सगळ्यांना सारखं मोजतं, आणि क्रांती तिथे आहे, हे लेखकाने ओळखलं.

आणि धागाकर्त्याच्या यादीत हा एकच सिनेमा असा आहे जिथे बाहेरून आलेला माणूस हरून निघून जातो, पण काम थांबत नाही. राव गाडीत बसून जातो, गावातलाच दलित तरुण भोला उभा राहतो. तेंडुलकर म्हणजे निराशा, असं म्हणणाऱ्यांना मी नेहमी ‘मंथन’ दाखवते. ‘सामना’ आणि ‘मंथन’ यांच्यात जेमतेम वर्षाचं अंतर आहे. एकात सहकाराने काय बिघडवलं ते, दुसऱ्यात सहकाराने काय घडू शकतं ते. एकच लेखक, आणि दोन्ही वेळा खरा.

---

कोरी वही

मी पटकथा लिहायला शिकतो आहे. चर्चेतून खूप मिळालं. एक विचारतो: कादंबरीवरून पटकथा करताना तेंडुलकर काय टाकतात आणि काय ठेवतात? ‘सिंहासन’ दोन कादंबऱ्यांवर आहे म्हणतात.

---

पिंपळपार

हो. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’. दोन्ही भरगच्च. मुख्यमंत्री, अर्थमंत्री, कामगार नेता, स्मगलर, झोपडपट्टी, पत्रकार, पस्तीसेक महत्त्वाची पात्रं.

माझ्या मते त्यांनी दोन गोष्टी केल्या. पहिली, सुरुवातीलाच मुख्यमंत्र्याला निनावी फोन येतो की तुम्हाला पाडायचा कट शिजतो आहे. या एका फोनमुळे पुढची प्रत्येक भेट, प्रत्येक चहा, प्रत्येक हसणं संशयास्पद झालं. कादंबरीला जे समजवायला पानंच्या पानं लागतात ते इथे प्रेक्षक स्वतःच करायला लागतो: हा सामील असेल का? दुसरी, दिगू टिपणीस. पत्रकार असल्याने त्याला मंत्र्याच्या बंगल्यातही जाता येतं आणि चाळीतही. एवढी सगळी पात्रं एका धाग्यात ओवायची तर सगळीकडे प्रवेश असलेला माणूस हवा. पण तेंडुलकर त्याला नुसता ओवायला वापरत नाहीत. त्याला जे कळतं ते छापता येत नाही, आणि ते त्याच्यात साचत जातं. शेवटी सत्तेचं गणित पुन्हा नीट जुळतं आणि दिगूचं डोकं ठिकाणावर राहत नाही. पत्रकार साधू, पत्रकार तेंडुलकर आणि पत्रकार दिगू, तिघेही त्या एका शेवटात आहेत.

निळू फुले ‘सामना’त सत्ताधीश होते, इथे साक्षीदार. ही निवड दिग्दर्शकाची, पण दोन्ही सिनेमे लागोपाठ बघितले की अंगावर काटा येतो.

---

तिसरी घंटा (धागाकर्ता)

कोरी वही, पिंपळपार यांनी सांगितलंच आहे. माझी एक सूचना: यातला कुठलाही सिनेमा घ्या आणि आवाज बंद करून बघा. प्रत्येक प्रसंगापुढे लिहा, कोणाला काय कळलं आणि कोणापासून काय लपलं. ‘आक्रोश’ घेतलात तर फार शिकाल, कारण तिथे मुख्य माणूस तसाही बोलत नाही. मग मराठी ‘सामना’ घ्या, तो आवाजासकट, कारण तिथे कथा, पटकथा, संवाद सगळं त्यांचं आहे आणि एक प्रश्न प्रत्येक वेळी वेगळ्या माणसासमोर विचारला की त्याचा अर्थ कसा बदलतो ते ऐकता येतं.

---

अबोली०७

१९८३ नंतर काय? ‘कमला’चा सिनेमा झाला १९८४ला, पण ते मूळ नाटकच होतं. नंतर एकदम ‘सरदार’ आठवतो, १९९३चा, केतन मेहतांचा. मधल्या काळात दूरदर्शनने तोच प्रेक्षक घरी बसवला आणि समांतर सिनेमाचं थिएटर आटत गेलं. लेखक संपला असं म्हणणाऱ्यांनी आधी हे बघावं की त्याच्याकडून लिहून घेणारे किती उरले होते.

‘सरदार’बद्दल इथे कुणाचं मत आहे का? मला तो या यादीच्या बाहेरचा वाटतो.

---

दादर टीटी

बाहेरचा नाही, उलट टोकाचा आहे. आयुष्यभर सत्तेकडे दाराबाहेरून बघणाऱ्या लेखकाने इथे कॅमेरा सत्तेच्या खोलीतच ठेवला. फाळणी, संस्थानांचं विलीनीकरण, गांधी-नेहरू-पटेल यांच्यातले ताण. निर्णय घेणारा माणूसच इथे मध्यभागी आहे, आणि त्याला आपल्या निर्णयांची किंमत दिसते आहे. परेश रावळांनी पटेल थकलेले दाखवले आहेत, पुतळ्यासारखे नाहीत, आणि ते लिखाणातच असणार. गृहमंत्र्याकडे दंगलींचे आकडे येतात ते प्रसंग बघा. हिंदूराव, ‘सिंहासन’मधला मुख्यमंत्री जिवाजीराव, रामा शेट्टी लिहून झाल्यावर, सत्ता हातात असलेला माणूस प्रामाणिक असेल तर त्याचं काय होतं, हा प्रश्न त्यांना उरला असावा.

---

तिसरी घंटा (धागाकर्ता)

हा मुद्दा स्वतंत्र धाग्याचा आहे. दादर टीटी, तुम्हीच काढा. ‘सिंहासन’मधला जिवाजीराव आणि ‘सरदार’मधले पटेल समोरासमोर ठेवून लिहिलंत तर मी जिवाजीरावाची बाजू मांडायला येतो. काळा कोट, तुम्हीही या, विलीनीकरणाच्या कायदेशीर बाजूवर तुमच्याकडून ऐकायचं आहे.